मिठबावचं ‘मीठ भाव’ होऊ नये म्हणून

कुणकेश्वरच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी मोबाइलला पहिलं मराठी पत्र सांगितलं, ते अजून जपून ठेवलं आहे. विषय साधाच होता. कुणकेश्वर ते मिठबाव रस्त्यावरचे खड्डे पावसाआधी बुजवावेत, एवढंच. मोबाइलने लिहिलं, ‘कोण केशव ते मीठ भाव रस्त्यावरचे गड्डे’. कोण हा केशव, आणि मिठाच्या भावाशी त्याचा संबंध काय, हे ज्याला पत्र जायचं त्यानेच शोधावं! वारा सुटला होता, खाली लाट फुटत होती, आणि मी दूरच्या होडीला हाक मारावी तसा एकेक शब्द तोडून ओरडत होतो. आता तोच मजकूर घरात, खिडकी लावून सांगितला तर दोन-तीन चुका निघतात. मधल्या वर्षांत मोबाइल सुधारला हे खरं, पण त्याहून जास्त मी सुधारलो.

माझी नोकरी एका सरकारी कार्यालयात टंकलेखनात गेली. मराठी मिनिटाला 30 शब्द, इंग्रजी 40, हे प्रमाणपत्र त्या काळी सोन्याच्या चेनीसारखं मिरवायचो. सहज बोलताना माणूस मिनिटाला शंभरावर शब्द बोलून जातो. म्हणजे बोलून लिहिणं तिप्पट वेगाचं, असा हिशेब कुणीही मांडील. तो चुकतो, कारण त्यात दुरुस्तीचा वेळ धरलेला नसतो. तीनशे शब्दांचं पत्र टंकायला दहा मिनिटं लागतात. बोलायला तीन आणि सुधारायला चार लागली तर तीन मिनिटं वाचली. पण आवाज खराब गेला आणि सुधारायलाच बारा लागली, तर आपण तोट्यात. बोलून लिहिण्याची सगळी विद्या ही दुरुस्ती कमी करण्याची विद्या आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते त्यापुरतंच. आंब्याची बाग, निवास-न्याहारीच्या चार खोल्या, ग्रामपंचायत, बचत गट, दुकान अशा ठिकाणी ज्यांना लिहावं लागतं पण लिहिणं हा ज्यांचा पेशा नाही, त्यांच्यासाठी.

हे तंत्र कालपरवाचं नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 1952 मध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र केलं होतं, ते फक्त शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखायचं, तेही ओळखीच्या माणसाने नीट थांबून उच्चारले तर. मराठीला मोबाइलचा कान मिळाला तो ऑगस्ट 2017 मध्ये, गुगलने एका दमात मराठी, गुजराती, कन्नड, बंगालीसह आठ भारतीय भाषा बोलून टाइप करण्यासाठी खुल्या केल्या तेव्हा. त्याआधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई इथल्या संशोधकांनी शेतकऱ्याने फोनवर पिकाचं नाव घ्यावं आणि बाजारभाव ऐकावा, अशी मराठी सेवा बांधण्याचं काम केलं होतं. त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरूनच जमवले, कारण वापरणारा स्टुडिओतून नाही, बांधावरून फोन करणार होता. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. यंत्र ज्या आवाजावर शिकतं, तोच आवाज त्याला कळतो.

इथेच आपली अडचण आहे. यंत्र आपल्याला समजून घेत नाही, अंदाज बांधतं. आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं, त्यांवरून कोणते ध्वनी असावेत हे ताडतं, आणि मग शिकताना पाहिलेल्या मजकुरात कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द जास्त वेळा आला होता, त्या आधाराने वाक्य जुळवतं. त्या मजकुरात ‘मीठ’ आणि ‘भाव’ हजारो वेळा आले असणार, मिठबाव क्वचित. तांबळडेग, कातवण, जामसंडे यांचंही तेच. मालवणीची तर दैनाच. ‘काल पावस इलो’ म्हटलं की कागदावर ‘काल पाऊस किलो’ उतरतं. म्हणून अंदाज बांधायला यंत्राला मदत होईल असं बोलायचं. शब्द तोडून नव्हे, पूर्ण वाक्य एका दमात. वाक्य मनात तयार असेल तेव्हाच माइक दाबा. ‘म्हणजे… ते आपलं… काय म्हणतात’ करत बसलात तर तेही लिहिलं जाईल, आणि जास्त वेळ गप्प राहिलात तर माइक आपोआप बंद होईल. ओरडू नका. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढा आवाज पुरे.

सुरुवात करताना निम्मे लोक एकाच जागी अडतात. मोबाइलवर कीबोर्ड इंग्रजीचा ठेवून मराठी बोलतात आणि ‘याला मराठी येत नाही’ म्हणून सोडून देतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा या ठिकाणी जाऊन मराठी जोडा, देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड निवडा, आणि बोलण्याआधी स्पेसच्या पट्टीवर ‘मराठी’ दिसतंय ना ते बघा. मगच माइकचं चित्र दाबा. लांब मजकूर असेल तर संगणक बरा. क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडलं की साधनांच्या यादीत व्हॉइस टायपिंग आहे; कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं तरी माइक येतो, आणि माइकच्या वरच भाषा निवडता येते. स्वल्पविराम, पूर्णविराम तोंडाने सांगण्याच्या भानगडीत पडू नका, मराठीत ते बेभरवशाचं आहे. शेवटी हाताने घाला. तेवढ्या निमित्ताने मजकूर वाचला तरी जातो.

जागेबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपली जागा समुद्राची आहे. कुणकेश्वरला वारा आणि लाट यांचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही इतका अंगवळणी पडलेला असतो, पण माइकला तो पहिल्यांदा ऐकू येतो. ओसरीवर, गच्चीवर, पडवीत बसून सांगू नका. आतली खोली, पंखा बंद, खिडकी लावलेली. पावसाळ्यात पत्र्याखाली तर प्रयत्नच करू नये. इअरफोनचा माइक असेल तर तो ओठांसमोर नको, गालाच्या बाजूला चार बोटांवर ठेवा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातला वारा थेट माइकवर जात नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत दुकानाचा हिशेब मोबाइलला सांगू बघणारे मी पाहिले आहेत. त्यांना देव पावो.

आता आकडे. मराठी आकड्यांइतकं यंत्राला फसवणारं काही नाही. इंग्रजीत ‘फिफ्टी नाइन’ म्हटलं की पन्नास आणि नऊ वेगळे ऐकू येतात. आपलं एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे वाऱ्यात एकच. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, पंचावन्न आणि पंचाहत्तर, ही जोडपी माणसांनाही चुकवतात. शिवाय आपण दीड, अडीच, सव्वा, पावणेदोनशे, साडेसातशे असे बोलणार. यंत्र कधी ‘अडीच’ अक्षरांत लिहील, कधी 2.5 करील, कधी ‘आधीच’ करून मोकळं होईल. ‘पेटीचा दर आधीच हजार’ असं बिल गेलं तर वाद ठरलेला. माझा नियम कडक आहे: रक्कम, तारीख, फोन नंबर, सातबाऱ्याचा गट नंबर आणि औषधाचं प्रमाण तोंडाने सांगायचं नाही. त्या जागी ‘रिकामी जागा’ असं म्हणायचं आणि नंतर हाताने भरायचं. मजकूर वाचताना ‘रिकामी जागा’ हे शब्द डोळ्यांत टोचतात, चुकीचा आकडा टोचत नाही. तो बिनबोभाट बसून राहतो.

याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण बागेतली फवारणीची वही. देवगडचा हापूस युरोपात जायचा तर शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडाच्या मँगोनेटवर बागेची नोंदणी लागते, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या कलमांवर, काय, किती मारलं याची नोंद ठेवावी लागते. फळमाशीमुळे युरोपीय संघाने 2014 मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती; ती 2015 मध्ये उठली, पण कागदपत्रांचा धाक तेव्हापासून वाढला. ही वही बहुतेक बागांत संध्याकाळी आठवून लिहिली जाते, खरं म्हणजे आठवड्याने एकदम लिहिली जाते. हाताला औषध लागलेलं, मोबाइल खिशात, बाग उतारावर आणि रेंज कधी आहे, कधी नाही. इथे बोलून लिहिणं कामाचं, असं वाटतं. बागेतच सांगायला गेलं तर मात्र फजिती होते. पंप धडधडत असतो, वारा असतो, रेंज नसली की माइक मुकाट बसतो, आणि औषधांची नावं तर अशी की डेल्टामेथ्रिनचं काय होईल ते न सांगितलेलंच बरं. वर बागेतला नेपाळी गडी सांगतो हिंदीत, मालक बोलतो मालवणीत, नोंद हवी प्रमाण मराठीत.

यावर मला जो उपाय सापडला तो माझा नाही, तो दूरचित्रवाणीवाल्यांचा. बीबीसीसारख्या वाहिन्यांवर थेट कार्यक्रमाखाली ऐकू न येणाऱ्यांसाठी अक्षरं धावतात, ती बऱ्याचदा यंत्राने थेट कार्यक्रम ऐकून केलेली नसतात. शांत खोलीत कानाला हेडफोन लावून एक माणूस कार्यक्रम ऐकतो आणि ऐकलेलं आपल्या स्वच्छ, सपाट आवाजात यंत्राला पुन्हा सांगतो. यंत्राला त्या एका माणसाचाच आवाज ऐकायचा असतो. गोंगाट, एकमेकांवर चढणारे आवाज, निरनिराळ्या बोली हे सगळं तो माणूस आपल्या कानावर झेलतो. याला आपण ‘फिरून सांगणं’ म्हणू.

बागेत हे असं चालतं. फवारणी संपली की मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर, ज्याला रेंज लागत नाही, आपल्याच मालवणीत दोन वाक्यं बोलून ठेवायची. ‘वरच्या धड्यातल्या कलमांक मोहर इलो, पण तुडतुडे दिसतत, आज मारलंय.’ गड्याला काही सांगायचं असेल तर त्यालाही बोलू द्यायचं. औषधाच्या बाटलीचा फोटो काढायचा, लेबल दिसेल असा. संध्याकाळी आंघोळ करून, चहा घेऊन, आतल्या खोलीत बसायचं, रेकॉर्डिंग कानाला लावायचं, आणि ऐकत ऐकत प्रमाण मराठीत मोबाइलला सांगायचं: ‘वरच्या भागातील कलमांना मोहोर आला असून तुडतुड्यांचा प्रादुर्भाव दिसला. रिकामी जागा या औषधाची फवारणी केली. प्रमाण दहा लिटर पाण्यास रिकामी जागा.’ मग बाटलीच्या फोटोवरून नाव आणि प्रमाण हाताने. पाच मिनिटांचं काम. माझ्या आतेभावाने एका हंगामात असं केलं तेव्हा त्याची वही मी पहिल्यांदा पूर्ण पाहिली. भुरी आणि करपा यांत त्याचा नेहमी होणारा घोळही उघडा पडला, कारण स्वतःचंच बोलणं ऐकताना माणूस थबकतो.

गावांची नावं, वारंवार लागणारे शब्द यांसाठी एक सोपी युक्ती. यंत्र चुकतं, पण बहुतेकदा एकाच तऱ्हेने चुकतं. मिठबावचं ‘मीठ भाव’ करणारं यंत्र पुन्हा पुन्हा तेच करतं. संगणकावर ‘शोधा आणि बदला’ वापरून एका झटक्यात सगळीकडे दुरुस्त करा. आपल्या यंत्राच्या ठरलेल्या चुकांची एक यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. माझ्याकडे सध्या एकतीस आहेत, ‘कोण केशव’ पहिल्या क्रमांकावर.

ग्रामसभेचं इतिवृत्त हा दुसरा मोठा प्रांत, आणि तिथे लोकांची अपेक्षा भलतीच असते. टेबलावर मोबाइल ठेवला की सभा आपोआप लिहून मिळेल, असं वाटतं. नाही मिळत. पंधरा माणसं एकाच वेळी बोलतात, कोण कोण हे यंत्राला वेगळं करता येत नाही, आणि वाद रंगला की सगळे मालवणीवर येतात. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयालाही हीच अडचण आली. 21 फेब्रुवारी 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठापुढे चालू असताना सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा यंत्राकडून युक्तिवादाचं लेखन सुरू केलं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी तेव्हाच सांगितलं होतं की दोन आवाज एकावर एक आले की गडबड होते, आणि संध्याकाळपर्यंत त्या चुका काढायला माणसं नेमलेली आहेत. तिथे तर इंग्रजी बोलणारे निष्णात वकील, एकेकासमोर माइक. आपल्याकडे एक माइक, तोही सरपंचांच्या हातात.

म्हणून सभेतही फिरून सांगा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर सभेच्या सुरुवातीला सर्वांना सांगून करा, चोरून नको. नंतर ऐकताना लक्षात ठेवा की इतिवृत्त म्हणजे शब्दन् शब्द नव्हे. विषय, चर्चेचं सार, ठराव, सूचक, अनुमोदक, एवढंच त्यात हवं. कुणी कुणाला काय म्हणालं ते यंत्राने टिपलं तरी आपण टिपू नये. गावात राहायचं आहे. सार काढणं माणसाचं काम, ते सार यंत्राला सांगितलं की यंत्र टंकून देतं. ठरावाचा क्रमांक आणि सूचक-अनुमोदकांची नावं हाताने. यंत्र आडनावं बदलतं, आणि आडनाव बदललं की ठराव दुसऱ्याच्या नावावर जातो.

एका धोक्याची कल्पना बहुतेकांना नसते. नव्या पिढीची यंत्रं चुकीचं ऐकतात एवढंच नाही, तर न बोललेलंही लिहितात. ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ 2022 मध्ये आलं. ते मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवरच्या ध्वनीवर शिकलेलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2024 मध्ये ते तपासलं तेव्हा सुमारे 1 टक्का नोंदींत कुणीही न उच्चारलेली वाक्यं सापडली, विशेषतः बोलणारा जास्त वेळ थांबला की. म्हणजे आपण विचार करायला थांबलो की यंत्र आपल्या वतीने विचार करून टाकतं. ही वाक्यं व्याकरणशुद्ध असतात, म्हणून वाचताना खटकत नाहीत. तपासताना ‘हे बरोबर लिहिलंय का’ असं नको, ‘हे मी बोललो का’ असं विचारा. दुसऱ्याने सांगितलेला मजकूर तुम्ही तपासत असाल तर रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय सही करू नका. औषधाची मात्रा, पैसे, कुणावरचा आरोप, यांपैकी काही असेल तर अजिबातच नाही.

खासगीपणाचं थोडक्यात सांगतो. बऱ्याच सेवांत आपला आवाज मोबाइलवर नव्हे, कंपनीच्या संगणकावर जाऊन तपासला जातो. आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी, पाहुण्यांच्या ओळखपत्राचा नंबर, कुणाचा आजार, हे माइकला सांगू नये. निवास-न्याहारीवाल्यांनी हे विशेष जपावं, कारण त्यांच्याकडे परक्यांची माहिती असते. बाकी त्यांच्यासाठी हे साधन फार सोयीचं आहे. मासे साफ करता करता पाहुण्याच्या चौकशीला उत्तर पाठवता येतं. फक्त पाठवण्याचं बटण दाबायच्या आधी एकदा वाचा. ‘खोली रिकामी आहे’ आणि ‘खोली रिकामी नाही’ यांत यंत्र भेद चुकवतं, आणि दोन कुटुंबं एकाच खोलीसमोर उभी राहतात.

छापखान्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बोलून लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये येतो. लग्नपत्रिका, जत्रेचं पत्रक, स्मरणिका यांचं काम अजून काही ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये होतं. तिथे हा मजकूर सरळ चिकटवला तर अक्षरांचे ठोकळे होतात. रूपांतर करून घ्या, आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं, ‘र्‍ह’ आणि ‘ऱ्या’ पुन्हा पाहा.

टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्या मुली मला विचारतात, आता शिकून काय उपयोग? मी त्यांना सांगतो की सोडू नका. दुरुस्ती कीबोर्डवरच होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने चुका काढायला जी माणसं बसवली, ती शुद्धलेखन येणारीच माणसं. ज्याला ‘पाणी’ आणि ‘पाणि’ यांतला फरक कळतो, त्याचं काम उलट वाढलं आहे. ज्यांचे हात दुखतात, नजर कमी झाली आहे, त्यांना तर हे साधन नोकरीत टिकवून ठेवतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी गुगलने 2019 मध्ये आणलेलं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ समोरच्याचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. कार्यालयात असा सहकारी असेल तर त्याच्याशी समोर बसून, एकेकाने, बोला. तेवढं केलं तरी ते चालतं.

आणि मालवणीचं काय? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘रेस्पिन’ नावाच्या प्रकल्पात शेती आणि बँकेच्या व्यवहारातलं बोलणं नऊ भाषांत, त्यांच्या बोलींसकट, जमवण्याचं काम झालं. त्या नऊंत मराठी आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ म्हणून एक जागा आहे, तिथे कुणालाही मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, किंवा दुसऱ्याने वाचलेलं बरोबर आहे का ते तपासता येतं. मी पावसाळ्यात, जेव्हा बागेत काही नसतं, तेव्हा तिथे रोज थोडी वाक्यं वाचतो. प्रमाण मराठीतलीच असतात, पण हेल आमच्याकडचा, नाकातला. पुण्याच्या आवाजावर शिकलेल्या कानाला तो हेल थोडा तरी ऐकू जावा, एवढाच हेतू. परवा वाचताना मागे कोंबडा आरवला. वाक्य पुन्हा वाचायला हवं होतं, पण तसंच दिलं.